तेहेतीस नियम आणि एक दोरी

चौदा तारखेला सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी वाटेवरच्या दोरीवर पुढील ऐवज होता : विजारी तीन, अर्ध्या चड्ड्या दोन, आतल्या चड्ड्या सहा, मोजे सात. सात मोजे म्हणजे साडेतीन जोड. आठवा कुठे होता ते पुढे येईल. शिवाय सदरे पाच, पण सदऱ्यांबद्दल कोणाची तक्रार नव्हती. दोरीची जमिनीपासून उंची दोन मीटर चार सेंटिमीटर. ही उंची मी टेप लावून मोजलेली नाही, कारण त्यासाठी दोरीखाली उभं राहावं लागलं असतं. ती मी सावलीच्या लांबीवरून काढली. मी रसायनशास्त्राची पदवीधर आहे. भूमितीत दोन सेंटिमीटर इकडे-तिकडे झाले असतील तर क्षमा असावी.

दोरी योरिसकाकांची. योरिसकाका हॉलंडचे, पूल बांधणारे निवृत्त इंजिनिअर, उंची एक मीटर चौऱ्याण्णव. बँकॉकपासून दूरच्या आमच्या बकुळ गल्लीतला एकमेव फरांग, म्हणजे गोरा परदेशी. गल्लीत पाच घरं, सतरा माणसं, चार कुत्री, राखणदाराचं खांबावरचं एक छोटं देऊळ आणि वाट एकच. चौथं घर काकांनी भाड्यानं घेतलेलं, पाचवं प्रायूनआजोबांचं. काकांची दोरी त्यांच्या खिडकीच्या गजापासून समोरच्या आंब्यापर्यंत, बरोबर वाट ओलांडून गेलेली. म्हणजे प्रायूनआजोबांना बाजारात, देवळात, न्हाव्याकडे, कुठंही जायचं तर सहा चड्ड्यांखालून जावं लागणार.

डोक्यावरून चड्डी गेली की गळ्यातल्या ताइताचं तेज उतरतं, हे आमच्याकडे दूधपित्या पोरालाही कळतं. आजोबांच्या गळ्यात पाच ताईत आहेत. त्यांतला एक त्यांनी वयाच्या एकविसाव्या वर्षापासून घातला आहे, आणि आज ते एक्याऐंशी वर्षांचे आहेत. मी विज्ञानाची पदवीधर, माझ्या गळ्यात ताईत नाही, तरी मीही त्या दोरीखालून जात नाही. याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही.

सुरुवातीला आजोबा एका हातानं ताईत झाकून, कमरेत वाकून, पळल्यासारखे जायचे. मग तेही जमेना. त्यांनी घरामागची गटारावरची फळी धरली. फळी एकवीस सेंटिमीटर रुंद. नऊ तारखेला त्यांचा पाय घसरला. पाय वाचला, चप्पल गेली.

आणि मुख्य गोष्ट. आजोबांची बायको, लामदुआनआजी, गेली त्याला चौदा तारखेला सत्त्याहत्तर दिवस झाले होते. शंभरावा दिवस पुढच्या महिन्याच्या सात तारखेला. त्या दिवशी तिच्या नावानं पुण्यकर्म; नऊ भिक्षू घरी येणार, मंत्रपाठ करणार, जेवणार. त्यांतले थोरले महाराज चौऱ्याऐंशी वर्षांचे. ते येणार त्याच वाटेनं. चड्ड्यांखालून भिक्षू नेणं म्हणजे काय, हे मी लिहीतही नाही. आणि पुण्यकर्म दुसऱ्या जागी करावं म्हटलं, तर आजोबा म्हणाले, "ती या घरातून गेली. मग तिचं पोचवायचं ते याच घरातून."

प्रश्न सोपा होता. योरिसकाकांना एक वाक्य सांगायचं. मी मनातल्या मनात वेळ लावून पाहिली : चार सेकंद.

पण आमच्याकडे भीड नावाची गोष्ट आहे. मोठ्या माणसाला त्याच्या चड्डीबद्दल तोंडावर सांगायचं? ऐकणाऱ्याची मान खाली जाणार, सांगणाऱ्याची जाणार, आणि जवळून कोणी जात असेल तर त्याचीही. त्यातून योरिसकाका स्वभावानं लोण्यासारखे. अडीच वर्षांपूर्वी आले तेव्हा त्यांना आमची भाषा अजिबात येत नव्हती. ती त्यांना लामदुआनआजीनं शिकवली, तिच्या खलबत्त्यापाशी बसवून. परिणामी हा सहा फूट चार इंचांचा माणूस आमची भाषा सत्तरीच्या बाईसारखी बोलतो. "आले गं बाळा", "अगं बाई, गुडघे गेले माझे", "दृष्ट लागेल हो". गल्लीतल्या सगळ्यांना तो "बाळा" म्हणतो, अगदी सदुसष्ट वर्षांच्या विरोटकाकांनासुद्धा. आणि प्रायूनआजोबांचा उल्लेख "आमचे हे" असा करतो. त्याला कोणीही दुरुस्त केलेलं नाही. कोण करणार?

तरी मी तीन प्रयत्न केले. शास्त्रीय पद्धतीत तीन ही किमान संख्या आहे.

पहिला प्रयत्न. मी म्हटलं, "काका, ऊन काय मस्त पडलंय नाही?"

"मस्त गं बाळा. म्हणून तर मी आज चादरीपण काढणारे धुवायला."

दुसरा प्रयत्न. "काका, मागं पपईच्या दोन झाडांमध्ये एक खालची दोरी आहे बघा. रिकामीच असते."

काकांनी हातातली बादली खाली ठेवली. "ती लामदुआनची दोरी. ती गेल्यापासून मी तिला हात लावत नाही."

मी बादली उचलून त्यांच्या हातात दिली.

तिसऱ्या प्रयत्नाला मी वाक्य पाठ करून गेले आणि दोनशे ग्रॅम चीज घेऊन परत आले. घरी येऊन नाडी मोजली. एकशे बारा.

आई म्हणाली, "नॉइना, चार वर्षं शिकलीस त्यात हे नव्हतं का?"

"तूच सांग ना मग त्यांना."

"मी? मी कशी सांगू? त्यांनी माझ्या वाढदिवसाला केक आणला होता."

हाच अनुभव गल्लीत सगळ्यांचा होता. कांचनामावशी, पहिल्या घरात जिचं शेवयांचं दुकान आहे, ती सांगायला गेली आणि काकांना दोन वाट्या रस्सा फुकट देऊन आली. सुथेपदादा मोटरसायकलवरून सवाऱ्या नेतो, तो तोंडाचा फटकळ म्हणून त्याला पाठवला. तो काकांना नदीवर फिरवून घेऊन आला.

सोळा तारखेला कांचनामावशीच्या दुकानासमोर गल्लीची बैठक भरली. विरोटकाका आमच्या वस्तीचे प्रमुख. आयुष्यभर एका कचेरीत आवक-जावक सांभाळलेली, त्यामुळे कुठल्याही गोष्टीला कागद लागतो अशी त्यांची श्रद्धा.

"एकट्या माणसाला बोट दाखवून सांगणं बरं नव्हे," विरोटकाका म्हणाले. "आपण एक पुस्तिका काढू. परदेशी पाहुण्यांनी आपल्यात कसं राहावं, याचं मार्गदर्शन. सर्वसाधारण. त्यात एक नियम कपड्यांचा. ते वाचतील, समजतील, कुणी काही बोलायलाच नको."

सगळ्यांना इतकं हायसं वाटलं की मावशीनं दुसऱ्यांदा शेवया वाढल्या.

"लिहायला नॉइनाच बरी," सुथेपदादा म्हणाला. "तिला इंग्रजी येतं, आणि नोकरीपण नाहीये."

मी पाण्याच्या प्रयोगशाळेतल्या जागेच्या निकालाची वाट पाहत होते. याला नोकरी नसणं म्हणत नाहीत. पण ते बाजूला ठेवू.

त्याच दुपारी मी पहिला मसुदा लिहिला. त्यात नियम एकच : "विजारी, चड्ड्या व मोजे लोकांच्या डोक्यावर येतील असे वाटेवर वाळत घालू नयेत." माझ्या मते पुस्तिका इथंच पूर्ण झाली होती. एक पान, एक वाक्य.

"चड्ड्या?" कांचनामावशी म्हणाली. "छापील कागदावर चड्ड्या? भिक्षूंच्या हाती पडला तर?"

मी "अंतर्वस्त्रे" केलं.

"आणि हे 'घालू नयेत' नको," विरोटकाका म्हणाले. "पाहुणा पहिलं पान उघडतोय आणि आपण त्याला नाही म्हणतोय? होकारात्मक लिही."

मी लिहिलं : "कपडे योग्य जागी वाळत घालावेत."

"एकच नियम ठेवलास तर त्यांना कळेल ना, त्यांच्यासाठीच आहे म्हणून," आई म्हणाली. "आजूबाजूला थोडे दुसरे टाक. कोथिंबिरीसारखे."

इथून सगळं हाताबाहेर गेलं. आपल्यात कसं राहावं याबद्दल प्रत्येकाला काहीतरी सांगायचं होतं आणि आजवर कोणी विचारलं नव्हतं. मावशी म्हणाली, कुणाचं बाळ पाहिलं तर गोंडस म्हणायचं नाही, कुरूप म्हणायचं, नाहीतर भुतं उचलून नेतात. सुथेपदादा म्हणाला, बुधवारी केस कापायचे नाहीत. विरोटकाका म्हणाले, सकाळी आठ आणि संध्याकाळी सहाला राष्ट्रगीताच्या वेळी आहे तिथं उभं राहायचं, स्कूटर चालू असेल तर मात्र विचार करायचा. आई म्हणाली, "आणि ते सांग बाई, 'कुठं निघालात?' म्हटलं तर नुसतं 'इथंच' म्हणायचं. योरिसकाका परवा मला मूळव्याधीचं सगळं सांगत होते."

एकोणीस तारखेपर्यंत नियम बावीस झाले. आता मी विज्ञानाची विद्यार्थिनी. पडताळल्याशिवाय नियम लिहिणं मला पटेना. मी वही घेऊन बाहेर पडले. खरं सांगायचं तर मला यात गोडी लागली होती. बुद्धाच्या देवळात चौसष्ट माणसं बसलेली, त्यांतल्या नऊ जणांचे पाय मूर्तीकडे होते; त्यांपैकी सहा झोपलेले होते. शाळेच्या फाटकात वीस मिनिटांत अडतीस डोक्यांना हात लागला.

"मावशी, 'कुणाच्या डोक्याला हात लावू नये' हा नियम टिकत नाही. अडतीस वेळा."

"अगं, त्या आयांनी आपापल्या पोरांना लावला ना!"

"मग तसं लिहू? 'आई वगळता'?"

"लिही. आणि न्हावी."

"दाताचा डॉक्टर?"

"तो पण. आणि उवा काढणारी."

तो एक नियम दीड पानाचा झाला.

वीस तारखेला मला आणखी एक गोष्ट दिसली. दोरीची उंची दोन मीटर पंधरा होती. मी सावली पुन्हा मोजली, वेळ जुळवली, तरी तेच. सहा दिवसांत अकरा सेंटिमीटर. दोरी वर चालली होती.

याचं कारण शोधण्यात माझे दोन दिवस गेले, आणि ते सुखाचे गेले. दोरी उन्हानं आखडत असेल? मग मधला झोळ कमी होईल, टोकं वर जाणार नाहीत. आंबा वाढत असेल? दिवसाला जवळजवळ दोन सेंटिमीटर वाढणारा आंबा असता तर त्यावर मीच प्रबंध लिहिला असता. तिकडे आजोबा गटारावरची फळी ओलांडत होते, आणि मी आंब्याच्या खोडाला चिकटपट्टी लावून वाढ मोजत होते. आता आठवलं की बरं वाटत नाही.

त्याच आठवड्यात सातवा मोजा एकटा का, तेही कळलं. आठवा मोजा राखणदाराच्या देवळाच्या छपरावर होता. वाऱ्यानं गेला असणार. पायातली वस्तू राखणदाराच्या डोक्यावर! मावशी उदबत्ती लावायला गेली ती हातातलं नैवेद्याचं लाल सरबत तिथंच सांडून पळत आली. सगळी गल्ली जमली. कोणी हात लावेना. सुथेपदादानं आंबे काढायच्या बांबूनं तो खाली घेतला. मावशीनं क्षमा मागून देवळात तीन बाटल्या सरबत ठेवलं. आणि मोजा बिस्किटांच्या डब्यात घालून, डब्यावर तारीख लिहून विरोटकाकांच्या कपाटात गेला. मोज्यावर ४६ आकडा छापलेला होता. मावशीनं त्या आकड्याचं लॉटरीचं तिकीट घेतलं. लागलं नाही.

योरिसकाका दोन दिवस त्या मोज्याला शोधत होते. "बाळा, माझा मोजा दिसला का गं?" त्यांनी मला विचारलं. मी म्हटलं, "नाही." हे खोटं होतं, पण मोजा तेव्हा समितीच्या ताब्यात होता आणि मला अधिकार नव्हता.

आता पुस्तिका छापायची, तर विरोटकाका म्हणाले, "शिक्का हवा. शिक्क्याशिवाय ती आपली मतं झाली. शिक्का मारला की संस्कृती."

शिक्का देणारं खातं नगराच्या दुसऱ्या टोकाला, दुसऱ्या मजल्यावर. तिथल्या अरुणीबाई फार गोड. त्यांनी मला पहिल्याच भेटीत पेरू कापून दिला आणि काम केलं नाही.

"लाभार्थी किती?"

"एक."

"एकासाठी पुस्तिका? अगं, रकाना किमान दहाचा आहे. दहा परदेशी घेऊन ये."

गल्लीत फरांग एकच. मी आसपास शोधले. जपानी भाषा शिकवणाऱ्या एक बाई, बंधाऱ्याजवळचं जर्मन जोडपं, एक कोरियन पाद्री, हे चार. विरोटकाकांनी त्यांत बाजारातले चार ब्रह्मदेशी स्वयंपाकी आणि एक लाओसची शिंपीण घातली. योरिसकाका धरून दहा. स्वयंपाकी मा खिन गेली सव्वीस वर्षं इथं आहे. तिनं मसुदा वाचून सात चुका काढल्या, सगळ्या बरोबर होत्या.

दुसऱ्या भेटीत तीन प्रती आणि मुखपृष्ठावर वस्तीचा फोटो हवा असं कळलं. फोटो काढायला गेले तर कुठूनही काढला तरी मागं दोरी यायची. शेवटी मुखपृष्ठावर विरोटकाकांचा फोटो गेला.

दरम्यान मूळ नियमाची तब्येत ढासळत होती. "कपडे योग्य जागी वाळत घालावेत" यात मावशीला "योग्य" हा शब्द टोचला. म्हणजे त्यांची जागा अयोग्य म्हणतोय का आपण? तो काढला. "कपडे वाळत घालावेत" असं उरलं, ते फारच उघड आहे असं सर्वांचं मत पडलं. शिवाय पहिला नियम म्हणजे बोट दाखवणंच, म्हणून तो शेवटी, चौतिसावा गेला. शेवटच्या बैठकीत त्याचं रूप असं होतं : "३४. ऊन ही निसर्गाची देणगी आहे."

"सुंदर," विरोटकाका म्हणाले. "जाणत्याला बरोबर कळेल."

तिसऱ्या भेटीत अरुणीबाई म्हणाल्या, पुस्तिका सोळा पानांच्या वर जाणार नाही. एक ओळ सतराव्या पानावर जात होती. त्यांनी पेन उचललं. "ही काढूया. ऊन हवामानाकडं येतं. आमच्याकडं संस्कृती." आणि शिक्का मारला.

मी तिथं उभी होते. मी बोलायला हवं होतं. पण त्यांनी नुकताच मला पेरू दिला होता.

पुस्तिकेचं वितरण एक तारखेला झालं. फीत, फुलांचे हार, नाश्ता. आत छापलं होतं : "संकलन : विरोट आणि मित्रमंडळ." त्याखाली बारीक अक्षरात : "टंकलेखन : नॉइना (गृहविज्ञान)." मी रसायनशास्त्राची आहे. दुरुस्तीसाठी वेगळा अर्ज होता. मी तो केला नाही.

योरिसकाकांनी पुस्तिका दोन्ही हातांनी घेतली, कपाळाला लावली आणि घरी जाऊन पिवळ्या पेनानं रंगवली. दुसऱ्या दिवसापासून तेहेतीसच्या तेहेतीस नियम अमलात आले. मोठ्यांपुढून जाताना वाकायचं, म्हणून मावशीच्या दुकानापुढून ते जवळजवळ रांगत जाऊ लागले. एवढा उंच माणूस वाकला की वाट अडते, हे आम्ही धरलंच नव्हतं. शेजारच्या गल्लीतल्या नव्या बाळाला पाहून त्यांनी खणखणीत आवाजात "अगं बाई, काय कुरूप पोर!" म्हटलं. बाळाची आजी खूश झाली, सून नाही, ती बँकॉकची. "कुठं निघालात?" विचारलं की "इथंच" म्हणायचे, मग थोडं थांबून, न राहवून, "दवाखान्यात".

दोरी मात्र होती तिथंच. नव्हे, आता दोन मीटर एकतीस.

चार तारखेला संध्याकाळी ते आमच्या पायरीवर येऊन बसले. पुस्तिकेच्या कडा दुमडलेल्या होत्या.

"बाळा, ही तू लिहिलीस ना?"

"टंकलेखन केलं."

"मी तीनदा वाचून काढली. तेहेतीस नियम. मी कुठला मोडला ते सापडत नाही गं मला." त्यांनी पाचव्या घराकडे पाहिलं. "आमचे हे माझ्या दारावरून यायचे बंद झालेत. मागून जातात, गटारावरून. या वयात! लामदुआन असती तर मला सांगितलं असतं तिनं. मी काय केलं? तू सांग."

हा माणूस स्वतः विचारत होता. याहून सोपी परिस्थिती कोणत्याही प्रयोगात मिळत नाही. चार सेकंद.

"काही नाही काका," मी म्हटलं. "तुम्ही कुठलाच नियम मोडलेला नाही."

हे अक्षरशः खरं होतं. त्या रात्री मी जेवले नाही. आईनं कारण विचारलं, तर मी म्हटलं, "इथंच."

सात तारीख उजाडली. शंभरावा दिवस. सकाळी नऊपर्यंत आजोबांच्या घरात चटया घातल्या गेल्या, नऊ गाद्या मांडल्या, लामदुआनआजीचा फोटो मोगऱ्याच्या माळेत बसला. स्वयंपाकाला मा खिन आली होती. सगळं सामानसुमान घेऊन ती फळीवरून गेली होती. एक भाताचं पातेलं गटारात पडलं होतं. भिक्षू साडेनऊला येणार होते.

नऊ वाजता मी वाटेवर आले तर योरिसकाका शिडीवर. पांढरा सदरा, पांढरी विजार, घामानं चिंब. दोरी दोन मीटर सत्तर. आणि दोरीवर त्यांच्याकडे होतं नव्हतं ते सगळं. आतल्या चड्ड्या मी तेरापर्यंत मोजल्या.

"पंचविसावा नियम!" ते वरून ओरडले. "'भिक्षू येणार असतील तर घर व वस्त्रे स्वच्छ करावीत.' पहाटेपासून धुतेय गं बाळा! आणि बघ किती वर घेतली. आता हत्तीसुद्धा जाईल खालून."

गल्लीच्या तोंडाशी सगळे जमले होते आणि सगळे जमिनीकडे बघत होते. विरोटकाका, मावशी, आई, सुथेपदादा. कुत्रीसुद्धा बसली होती.

"महाराजांना फळीवरून नेऊ," विरोटकाका हळूच म्हणाले.

"चौऱ्याऐंशी वर्षांच्या महाराजांना? एकवीस सेंटिमीटर फळीवरून?" मी म्हटलं.

"मी पाठीवर घेतो," सुथेपदादा म्हणाला.

"भिक्षूंना पाठीवर? कुठल्या नियमात बसतं ते?" मावशी म्हणाली.

तेवढ्यात गाडी आली. दार सरकलं, भगवी वस्त्रं दिसली. थोरले महाराज काठी टेकत उतरले आणि वाटेच्या तोंडाशी थांबले. त्यांनी वर पाहिलं. मग खाली पाहिलं. तेही काही बोलले नाहीत. तेही आमच्यातलेच.

दोरीच्या पलीकडे प्रायूनआजोबा दारात आले. पाहुण्यांना सामोरं जायला घरधन्यानं आलं पाहिजे. ते चालत दोरीपासून चार पावलांवर आले आणि उभे राहिले. त्यांनी हात मानेमागं नेले. मला वाटलं कॉलर नीट करतायत. त्यांनी पहिला ताईत काढला. मग दुसरा. तिसऱ्याची गाठ सुटेना. साठ वर्षांत जो गळ्यातून उतरला नव्हता, तो ते उतरवत होते. चड्ड्यांखालून जाता यावं म्हणून. एक शब्द बोलायला लागू नये म्हणून.

"योरिसकाका!" मी म्हटलं. आवाज लागतो त्यापेक्षा मोठा निघाला. गल्लीनं, नऊ भिक्षूंनी आणि गाडीच्या ड्रायव्हरनं ऐकला. "चड्ड्या खाली घ्या. चड्ड्यांखालून आम्हांला जाता येत नाही."

कोणीतरी श्वास आत घेतला. आई असावी.

काका शिडीवरून माझ्याकडे बघत राहिले. "सगळ्या?"

"विजारी आणि मोजेपण. सदरे राहू द्यात."

"बरं," ते म्हणाले, आणि खिडकीच्या गजाजवळचा एक दोर सोडला. तिथं कप्पी होती. पूल बांधणारा माणूस; त्यानं कप्पी लावली होती. सगळी दोरी सळसळत खाली आली. मी नंतर आठवून हिशेब केला : अकरा सेकंद.

"एवढंच होतं?" काका म्हणाले. त्यांच्या दोन्ही काखांत चड्ड्या होत्या. "मग कुणी सांगितलं का नाही?"

"पुस्तिका काढली ना आम्ही," विरोटकाका म्हणाले.

"तिच्यात चड्डी नाही."

"होती," मी म्हटलं. "सुरुवातीला होती."

काका आजोबांकडे वळले. "मला वाटलं दोरी डोक्याला लागते तुमच्या. तुम्ही वाकून जायचे, म्हणून मी चार बोटं वर घेतली. तुम्ही आणखी वाकले, मी आणखी वर घेतली. मग यायचेच बंद झालात. म्हटलं, अजून कमीच पडतेय. रोज थोडी थोडी वर घेत गेले."

आंब्याचा प्रश्न सुटला. त्या क्षणी मला वहीची आठवण झाली आणि लाजही वाटली, साधारण सारख्याच प्रमाणात.

"लामदुआन होती तोवर बरं होतं," काका म्हणाले. "ती सकाळीच येऊन माझ्या चड्ड्या काढून मागच्या दोरीवर टाकायची. म्हणायची, तिकडं ऊन चांगलं."

आजोबांचे हात मानेमागंच होते. "सकाळी म्हणजे किती वाजता?"

"सातला. रोज."

 शंभर दिवसांत त्यांच्याशी तिच्या बोलीत कोणी बोललं नव्हतं.

"मला म्हणायची, मिरच्यांना पाणी घालून येते," आजोबा म्हणाले. मग म्हणाले, "आमच्याकडं मिरच्या नाहीत."

थोरले महाराज हसले. आधी त्यांचे खांदे हलले, मग काठी. मग मावशी हसली, मग सगळेच.

"तिची दोरी आहे ती," काका म्हणाले. "मी हात लावला नाही."

"लाव," आजोबा म्हणाले. "ती दोरी तिनं तुझ्याच चड्ड्यांसाठी बांधली होती, बाबा." आणि मोकळ्या वाटेवरून, तीन ताईत गळ्यात आणि दोन मुठीत, ते महाराजांना सामोरे गेले.

मंत्रपाठ साडेदहाला सुरू झाला. जेवण बाराच्या आत उरकलं. दुपारी विरोटकाकांनी बिस्किटांचा डबा आणून दिला. योरिसकाकांकडून सही घेतली.

आठ तारखेची नोंद. वेळ सकाळी सात वाजून दहा मिनिटं. वाटेवरची दोरी : सदरे पाच. पपईच्या झाडांमधली दोरी : विजारी तीन, अर्ध्या चड्ड्या दोन, आतल्या चड्ड्या सहा, मोजे आठ. जमिनीपासून उंची, टेप लावून मोजलेली : अठ्ठ्याऐंशी सेंटिमीटर.